निळ्या गेटची मेस, जुळे सोलापूर: सात महिने जेवल्यानंतर

या मेसला पाटी नाही. विजापूर रस्ता सोडून जुळे सोलापुरात आत शिरलं, की एका गल्लीत निळं लोखंडी गेट लागतं. गेटवर शेवग्याची फांदी ओणवलेली असते आणि सकाळी पावणेसातला बाहेर सात-आठ सायकली, दोन-तीन स्कूटी लागलेल्या असतात. तेवढीच खूण. आम्ही पोरी एकमेकींना 'निळ्या गेटला ये' एवढंच सांगतो. सप्टेंबरपासून मी इथं सुट्ट्या आणि खाडे सोडून रोज दोन वेळ जेवते आहे. आता एप्रिल लागलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

आधी माझा दिवस सांगते, कारण मेस आपल्याला लाभेल की नाही हे जेवणाइतकंच आपल्या दिवसावर ठरतं. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. आठला पहिलं लेक्चर. साडेबाराला लेक्चर संपतात, पण आठवड्यातले तीन दिवस चारपर्यंत प्रॅक्टिकल असतं. पाच ते सात दोन घरी शिकवणी घेते, पाचवी ते सातवीची मुलं आहेत. त्याच पैशातून मेस भागते. साडेआठ ते साडेदहा अभ्यासिका, कारण पदवीबरोबर स्पर्धा परीक्षेची तयारीही चालू आहे. खोलीवर आम्ही तिघी. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि त्या दिवशी पहाट पाणी भरण्यातच जाते. यात व्यायाम कुठं बसवायचा आणि नीट जेवायचं कधी, हे मला दोन वर्षं जमलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकावर वाकून बसले होते. उठले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मैत्रिणीनं धरलं म्हणून पडले नाही. पुढच्याच आठवड्यात एका शिबिरात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.6. बाईच्या अंगात ते 12 तरी हवं. तिथल्या डॉक्टरबाईंनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंस, आठवून सांग." सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी वडापाव. चार वाजता चहा. रात्री मेसमधला भात आणि पातळ आमटी, आणि जेवण झाल्या झाल्या पुन्हा चहा. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या की जेवणानंतर लगेच चहा पिऊ नकोस, चहातल्या टॅनिनमुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. हा आकडा मी परीक्षेत लिहिलेला आहे. त्यातली एक मी आहे, हे तो कागद हातात आल्यावर कळलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझं गाव मंगळवेढा तालुक्यात. घरी काळ्या रानात ज्वारी असते, तीही मालदांडी, जिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावी कणगी भरलेली असताना मी इथं चाळीस किलोमीटरच्या पुढं येऊन पाव-टोस्टवर दिवस काढत होते. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

आधीची मेस वाईट होती असं एका शब्दात म्हणणार नाही. पण तिथं दुपारी बारा ते दीड एवढीच वेळ होती आणि डबा देत नसत. प्रॅक्टिकल असलेल्या दिवशी जेवण बुडायचं ते बुडायचंच, वर त्याचे पैसेही जायचे. चपात्या सकाळी लाटून थर्मोकोलच्या पेटीत ठेवलेल्या असायच्या. मैदा किती आणि कणीक किती हे तोडतानाच कळायचं, रबरासारखी ताणली जायची.

त्याच सुमारास एक जिमही लावून पाहिली. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले आणि नंतर कळलं की मुलींची बॅच दुपारी बारा ते चार. त्या वेळेत कॉलेजची कुठली मुलगी मोकळी असते? सकाळ-संध्याकाळ पुरुषांची. मी एकूण अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत तिथल्या ट्रेनरनं मला चार वेळा प्रोटीन पावडरचा डबा घ्यायला सांगितलं, किंमत 2,800 रुपये. माझ्या महिनाभराच्या मेसपेक्षा जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यात स्नायू कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असा स्पष्ट सल्ला आहे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, पैसे नव्हते म्हणून वाचले.

निळ्या गेटला मला नेलं खोलीतल्या मैत्रिणीनं. मेस चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. हाताखाली सून आणि एक मावशी. पहिल्या दिवशी मी पैसे-बिसे विचारायच्या आधी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. चूल म्हणजे गॅसची मोठी शेगडी, पण त्यावर बिडाचा तवा होता, ते बघूनच मला बरं वाटलं.

भाकरीबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण ही मेस उभी आहे ती भाकरीवर. अक्का महिन्याचं पीठ एकदम दळत नाहीत, दर चार-पाच दिवसांनी दळण असतं. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडेला चिरा पडतात. सकाळी सहाला आधणाचं पाणी पिठाच्या आळ्यात ओततात, आधी उलथन्याच्या टोकानं फिरवतात, मग तळहाताच्या टाचेनं रेटून रेटून मळतात. मोसंबीएवढा गोळा. परातीत पिठावर ठेवून एका हातानं थापायचा, दुसऱ्यानं कड सांभाळायची. अक्कांची भाकरी थापताना आपोआप गोल फिरते, त्या ती फिरवतायत असं दिसतसुद्धा नाही. पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकली की लगेच ओल्या हातानं पाणी फिरवायचं. हे पाणी सुकायच्या बेतात असताना उलटायची, आधी नाही, नंतर नाही. पाणी पूर्ण वाळलं तर भाकरी तडकते, ओलं असताना उलटली तर तव्याला चिकटते. मग तवा बाजूला करून थेट जाळावर. तिथं ती फुगते आणि पदर सुटतो. मी पानात आल्यावर आधी तो पदर दोन बोटांनी उचलून बघते. सात महिन्यांत पदर न सुटलेली भाकरी माझ्या ताटात मोजून चार-पाच वेळा आली असेल, तीही बहुतेक सून नवीन असताना.

माझ्या शिक्षणामुळं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्वारी म्हणजे चमत्कार, गहू म्हणजे विष, असं काही नाही. प्रथिनांचं प्रमाण दोन्हीत जवळपास सारखं, शंभर ग्रॅमला 10 च्या आसपास. चांगल्या कणकेची चपातीही तेवढीच चांगली. फरक इतकाच की भाकरीत तेल पडत नाही, तिच्यात मैदा खपवता येत नाही आणि ती सकाळी करून दुपारी पेटीतून वाढली तर पोरं लगेच बोलतात. म्हणून भाकरीच्या मेसला ताजं करावंच लागतं. शिवाय सोलापुरात ज्वारी ही आपल्या दारची. मालदांडीचं एम 35-1 हे वाण तर इथल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेलं.

आता मुख्य मुद्दा, वेळ. अक्का सकाळी पावणेसात ते साडेसात नाश्ता देतात आणि त्याच वेळी दुपारचा डबा भरून देतात. डबा हा दुपारच्या ताटाच्या बदल्यात, वेगळे पैसे नाहीत. डब्यात दोन भाकऱ्या, कोरडी उसळ किंवा घट्ट पिठलं, शेंगाचटणी, कांदा आणि लिंबाची फोड. भाकऱ्या चौघडी घालून सुती फडक्यात गुंडाळतात, त्यामुळं एक वाजेपर्यंत मऊ राहतात. या एका गोष्टीनं माझं दुपारचं जेवण बुडणं थांबलं. प्रॅक्टिकलच्या आधी दहा मिनिटं मिळाली तरी जेवून होतं. वडापाव मी सोडला असं नाही, त्याची गरज राहिली नाही. रात्रीची वेळ सात ते सव्वानऊ, म्हणजे शिकवणी सुटल्यावर आणि अभ्यासिकेच्या आधी. मेस निवडताना आपण चव विचारतो, भाजी विचारतो, महिना किती विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न 'किती ते किती' हा असावा. आपल्या दिवसात न बसणारं उत्तम जेवण आपल्या पोटात जातच नाही.

आणि चालणं. खोलीपासून मेस तेरा मिनिटांवर आहे. सुरुवातीला मला ही अडचण वाटत होती, खोलीच्या खाली जेवण असतं तर किती बरं, असं मी मैत्रिणीला म्हणाले होते. पण सकाळी जाऊन-येऊन सव्वीस मिनिटं, रात्री जाऊन-येऊन सव्वीस. दिवसाला बावन्न. सहा दिवस धरले तर आठवड्याला 312 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, आणि भरभर चालणं त्यात धरलं जातं. भरभर म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकं. आम्ही तिघी तशाच चालतो, सकाळी तर उशीर झालेलाच असतो. व्यायामासाठी मी वेगळी वेळ काढलीच नाही, भुकेनं ती काढून दिली. जिमला न जायला शंभर कारणं सापडत होती, जेवायला न जायला एकही सापडत नाही.

पण त्याच संघटनेनं आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असा व्यायामही सांगितला आहे आणि तो नुसत्या चालण्यानं होत नाही. त्यासाठी मी गच्चीवर सूर्यनमस्कार घालते. बारा, जमेल तेव्हा चोवीस, आठवड्यातून तीनदा. पाण्याच्या दिवशी सुट्टी, कारण त्या दिवशी खालच्या टाकीतून दुसऱ्या मजल्यावर पंधरा-सोळा बादल्या चढवाव्या लागतात. दोन्ही हातांत सारख्या भरलेल्या बादल्या आणि पाठ ताठ, हे मी आता मुद्दाम सांभाळते. रविवारी सकाळी मात्र धर्मवीर संभाजी तलावावर जातो. त्याला घरातली मोठी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात. थंडीत तिथं पाण्यावर धुकं असतं, आजी-आजोबांचे घोळके गप्पा मारत चालत असतात, आणि एकट्या मुलीलाही तिथं सकाळी वावरताना भीती वाटत नाही. ही गोष्ट लहान नाही. रात्री मेसवरून परततानाही आम्ही दोघी-तिघी मिळूनच येतो. रस्त्यावर दिवे आहेत, दुकानं उघडी असतात. जी मुलगी एकटी राहते तिनं आधी रात्री साडेआठला तो रस्ता चालून बघावा, मग पैसे भरावेत.

ट्रेनरच्या त्या पावडरचा विषय माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून ऑक्टोबरमध्ये एक हिशेब केला. अक्का शेंगाचटणी पाव-पाव किलोनं विकतात, त्यासाठी घरात छोटा वजनकाटा आहे. त्यावर मी एका भाकरीचं पीठ मोजलं, 74 ग्रॅम भरलं. म्हणजे भाकरीमागं सात ग्रॅम प्रथिनं. दिवसाला चार भाकऱ्यांची झाली 28-29. दोन वेळची उसळ आणि डाळ मिळून कोरडं कडधान्य साधारण 60 ग्रॅम, त्यातून तेरा-चौदा. दोन चमचे शेंगाचटणीची चार-पाच. बेरीज पंचेचाळीसच्या पुढं जाते. माझं वजन 52 किलो. पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणं किलोमागं 0.83 ग्रॅम, म्हणजे मला दिवसाला 43 ग्रॅम लागतात. झालं की! अक्का शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं की दुकानात यासाठी 2,800 चा डबा मिळतो. त्या म्हणाल्या, "मग माझी चटणी किलोवर दे की त्याला."

यात आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती जोडीची. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र खाल्लं की प्रथिनांची प्रत सुधारते. पिठलं-भाकरी, मटकी-भाकरी, डाळकांदा आणि भाकरी. ज्या बायांनी या जोड्या लावल्या त्यांनी लायसिनचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण पिढ्यान् पिढ्या शेतात राबणाऱ्या माणसांना त्यांनी यावर उभं केलं.

लोहाचं तसं सरळ नाही. प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्राम लोह लागतं असं त्याच शिफारशीत आहे. चार भाकऱ्यांतून बारा-एक मिलिग्राम येतं, पण धान्यातलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून डब्यातली लिंबाची फोड मी कधी टाकत नाही, आधी उसळीवर पिळते. क जीवनसत्त्वामुळं लोह शोषलं जातं. मटकी अक्का मोड आणूनच करतात, मोडामुळंही त्यात फायदा होतो. हिवाळ्यात शिकवणीवरून येताना मी दोन पेरू घ्यायचे, पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही जास्त. आणि चहा आता दुपारी चारला एकदाच, जेवणापासून लांब. जानेवारीत पुन्हा रक्त तपासलं, 11.7 आलं. हे श्रेय एकट्या मेसला देणं खोटं होईल. तीन महिने गोळ्या नेमानं घेतल्या होत्या. पण आधीही एकदा गोळ्या घेतल्या होत्या आणि तेव्हा असा फरक पडला नव्हता. अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर आहे. आता मधल्या जिन्यात थांबावं लागत नाही.

भाज्यांत माझा आवडता दिवस शुक्रवार, गरगट्टं असतं त्या दिवशी. मिळतील त्या पालेभाज्या, चुका, पालक, मेथी, थोडी डाळ, शेंगदाणे, एकत्र शिजवून घोटलेलं. रंग काही फार चांगला नसतो, नवीन मुली पहिल्यांदा नाक मुरडतात. दुसऱ्या घासाला भाकरी मागतात. मंगळवारी रात्री हुलग्याचे शेंगोळे. लसणाचा वास गेटपर्यंत येतो आणि त्या दिवशी रांग असते, सातलाच गेलेलं बरं. आणि भोगीचं ताट. गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, सिद्धेश्वर देवळाकडचे रस्ते माणसांनी भरलेले, आणि अक्कांनी तीळ लावून बाजरीची भाकरी केली होती, सोबत गाजर, वांगं, ओला हरभरा, घेवडा, पावटा घातलेली भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. वर्षभरात एका ताटात इतक्या भाज्या मी दुसरीकडं कुठं खाल्ल्या नाहीत. नंतरचे दोन दिवस मेस बंद होती, तेही आधी सांगितलेलं होतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कालवणावर तेलाचा तवंग जास्त असतो आणि तिखट सढळ असतं. मी दोनदा बोलले. अक्कांचं म्हणणं, "तर्री नसली तर बाकीची पोरं जेवत नाहीत गं." मग आमचा तह झाला, मला वाढताना त्या पळीनं तवंग बाजूला सारतात. पण न बोलणाऱ्या मुलीच्या वाटीत तो जातोच, आणि मेसनं हे सगळ्यांसाठीच कमी करायला हवं असं माझं ठाम मत आहे. चटणी आणि लोणच्यात मीठही बरंच असतं, त्यामुळं चटणी दोन चमच्यांच्या वर घेत नाही. कांदा सोडून कच्चं काही मिळत नाही. काकडी, गाजर, टोमॅटो यातलं एक जरी रोज दिलं तर महिन्याला शंभर रुपये जास्त द्यायला आम्ही बऱ्याच जणी तयार आहोत, हे मी अक्कांना सांगून ठेवलंय. फळ नसतं. दूध-दही रविवार सोडून नाही. मेस पूर्ण शाकाहारी आहे, अंडी मिळत नाहीत आणि आत आणून खाताही येत नाहीत. मला अंडं लागतं, एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणून आठवड्यातून तीनदा बाहेर दोन उकडलेली खाते.

बसायची जागा पत्र्याच्या शेडमध्ये आहे. थंडीत काही वाटत नाही, पण आता पारा चाळिशी ओलांडायला लागलाय आणि सोलापूरचा मे महिना काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. रात्री आठलाही पत्रा तापलेला असतो. एक पंखा आहे, कोपऱ्यातल्या टेबलाला त्याचा वारा लागत नाही. ज्या अक्का आमच्या जेवणाची इतकी काळजी घेतात त्या स्वतः त्या उकाड्यात दोन तास तव्यापुढं उभ्या असतात, हे बघून जेवताना जीव हळहळतो. कूलरसाठी आम्ही काही मुलींनी वर्गणी काढायचं ठरवलंय. रात्री आठ ते साडेआठ गर्दी असते, दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. रविवारी रात्री मेस बंद.

त्या रविवारच्या रात्रीसाठी आणि परीक्षेच्या दिवसांसाठी अक्कांकडं कडक भाकरी मिळते. दहाचा पुडा, 80 रुपये. पातळ थापून मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेली, कोरड्या डब्यात पंधरा दिवस सहज राहते. ऑक्टोबरच्या सत्र परीक्षेत खोलीवर आमचं रात्री अकराचं खाणं हेच होतं. आधीच्या वर्षी याच वेळेला आम्ही पाकिटातल्या नूडल्स उकळायचो आणि वर चहा. आता एका वाडग्यात दही, त्यात चुरलेली कडक भाकरी, वर चटणी आणि चिरलेला कांदा. गॅस पेटवायचा नाही, भांडं एकच पडतं. दह्यात पाच मिनिटं भिजू दिली की खालचा थर मऊ होतो आणि वरचा कुरकुरीत राहतो, तेव्हा खायची. अभ्यास करताना झोप येत नाही इतकी हलकी आणि सकाळपर्यंत भूक लागत नाही इतकी भरीव. चटणी उखळात कुटलेली असते, मशीनमधून काढलेली नाही. कुटल्यामुळं दाण्याचं तेल सुटतं आणि ती बोटांना ओलसर लागते. बाजारात कोरडी भुरभुरीत चटणीही बरीच मिळते, ती आणि ही शेजारी ठेवून बघितली की सांगावं लागत नाही.

पैशांचं: दोन वेळचे महिन्याला 2,500 रुपये, पहिल्या पाच तारखांत आगाऊ. नाश्ता वेगळा, 20 रुपये प्लेट, बहुतेक पोहे, उपमा किंवा सुशीला. सुशीला घ्यायची असेल तर सातच्या आत जा, नंतर चुरमुरे नरम पडतात. खाडा सलग तीन दिवसांचा असेल आणि आदल्या रात्री सांगितलं असेल तर वजा होतो. एक-दोन दिवसांचा होत नाही. यावरून मुलींची कुरबुर असते, पण पीठ आदल्या रात्रीच मोजलं जातं हे मी पाहिलंय, त्यामुळं मला हा नियम रास्त वाटतो. खाड्यांची वही उघडी ठेवलेली असते, ज्याची त्यानं बघावी. माझ्या हिशेबात सात महिन्यांत एकदाही चूक निघाली नाही. पाहुणी आली तर गेस्ट ताट 70 रुपये, आणि आई आली होती तेव्हा अक्कांनी तेही घेतले नाहीत. आईनं पहिला पदर उचलून बघितला आणि मग जेवायला बसली.

सध्या दोन-तीनच जागा आहेत असं अक्का म्हणत होत्या, जूनमध्ये जुन्या मुली गेल्या की आणखी होतील. बघायला जायचं तर सकाळी सातला जा, भाकऱ्या चालू असताना. डबा आपला आपण न्यायचा, स्टीलचा, झाकण घट्ट बसणारा. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम उसळ अक्का भरत नाहीत, परत पाठवतात.